डावं पान कोणाचं? सातवीच्या विज्ञानात संवादी वही : एक प्रकरण अभ्यास

मार्च २०२३ मधल्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं आली. पानाच्या डोक्यावर 'माझी नोंद' असं छापलेलं होतं. शिकताना सुचलेले मुद्दे, अवघड शब्द, सूत्रं मुलांनी तिथे टिपावीत आणि दप्तर हलकं व्हावं, असा हेतू होता. दोन शैक्षणिक वर्षं ही पुस्तकं वर्गात होती. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय रद्द झाला, कारण मुलं वेगळ्या वह्या आणतच होती आणि पुस्तकातली पानं पुरेशी वापरली जात नव्हती. आमच्या मते यात कोऱ्या पानाचा दोष नव्हता. पान मिळालं, पण त्यावर काय करायचं, कोणत्या तासिकेत करायचं आणि ते कोण वाचणार, हे ठरलेलं नव्हतं. कोरं पान दिसलं की आपली मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, कारण वही म्हणजे उतरवून घेण्याची जागा अशीच सवय आपण त्यांना लावलेली आहे.

संवादी वहीत ही सवय मोडण्याची एक साधी युक्ती आहे. वही उघडली की समोर दोन पानं येतात. उजवं पान शिक्षकांकडून, पुस्तकातून, प्रयोगातून आलेल्या माहितीचं आणि डावं पान मुलाने त्या माहितीचं काय केलं याचं. कॅलिफोर्नियातल्या टीचर्स करिक्युलम इन्स्टिट्यूट या संस्थेने इतिहास शिकवण्यासाठी ही मांडणी रूढ केली. पुढे ती विज्ञान आणि गणितात गेली, तिथे काही शिक्षक बाजू उलट्या घेतात. कोणतीही बाजू घ्या, वर्षभर बदलू नका. आपल्याकडे प्रयोगवहीत एका बाजूला कोरं आणि दुसऱ्या बाजूला रेघांचं पान असतं, म्हणजे दुपानी मांडणी मुलांना नवी नाही. अडचण एवढीच, की प्रयोगवहीतल्या कोऱ्या पानावरही फळ्यावरचीच आकृती उतरते.

या अभ्यासासाठी घेतलेला वर्ग नमुन्यादाखल आहे : मराठी माध्यमाची सातवी, पट ४०, तासिका ३५ मिनिटांची, विषय सामान्य विज्ञान, पाठ दुसरा 'वनस्पती : रचना व कार्ये'. महिना जुलै. शाळेच्या कुंपणाला टाकळा, दूर्वा, लव्हाळा उगवलेला असतो, त्यामुळे साहित्य फुकट मिळतं. पुढची सगळी गणितं याच वर्गावर बसवली आहेत.

वही आणि तिची मोजणी

वर्षभरासाठी एक २०० पानी वही घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. चिकटवलेल्या कागदांनी वही फुगते, शिलाईवर ताण येतो आणि दिवाळीपर्यंत मधली पानं निखळतात. प्रत्येक सत्राला एक १०० पानी वही बरी. पुठ्ठ्याची, शिवलेली, पिन मारलेली नको. १०० पानी वहीत ५० कागद असतात, म्हणजे समोरासमोरच्या ४९ जोड्या मिळतात आणि पहिलं व शेवटचं पान एकेकटं उरतं. सातवीच्या विज्ञानात २० पाठ आहेत, म्हणून सत्राला १०. दर पाठाला चार जोड्या धरल्या तर ४० होतात. अनुक्रमणिकेला दोन जोड्या. उरलेल्या सात एखादा पाठ लांबला तर हाताशी राहतात.

पहिल्या तासिकेला दुसरं काहीही न करता १ ते १०० पानक्रमांक घालून घ्यावेत. डावीकडे सम, उजवीकडे विषम. पान २ ते ५ अनुक्रमणिका, पहिला पाठ ६ ते १३, दुसरा १४ ते २१. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते घरून करून आणायला सांगितलं तर निम्म्या वह्यांत दोन पानं एकदम उलटली गेलेली असतात. मग एकाचं मूळ १४ वर, दुसऱ्याचं १६ वर, आणि 'पान १५ उघडा' या वाक्याला वर्षभर अर्थ राहत नाही. म्हणून वर्गात, दर दहा पानांनी थांबून, शेजाऱ्याशी ताडून क्रमांक घालावेत.

चिकटवण्याच्या कागदाचा आकार आधीच पक्का करावा. ए-फोर कागद २९.७ बाय २१ सेंटिमीटरचा असतो, तो वहीत मावत नाही आणि दुमडून चिकटवला की कडेने बाहेर डोकावून फाटतो. त्याचा अर्धा, म्हणजे २१ बाय १४.८ सेंटिमीटरचा तुकडा लाँगबुकात व्यवस्थित बसतो. ४० मुलांना २० कागद पुरतात. ते घरी किंवा आदल्या दिवशी कापून आणावेत.

डिंकाचं प्रकरण यापेक्षा त्रासाचं आहे. पातळ पांढरा डिंक मुलं बोटाने सगळ्या पानभर फासतात. कागद पाणी पितो, सुरकुततो, आणि पावसाळी हवेत नीट वाळायच्या आत वही मिटली की समोरचं पानही चिकटतं. चार कोपऱ्यांना मुगाच्या दाण्याएवढे चार थेंब आणि मध्ये एक, एवढं पुरतं. घरी केलेली मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिला कसर आणि झुरळं लागतात. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी. तो विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. ज्या शाळेत वह्या वर्गातल्या कपाटात राहतात तिथे खळ टाळलेलीच बरी.

चार जोड्या, आठ तासिका

दुसऱ्या पाठाच्या चार जोड्या अशा : मूळ (१४-१५), खोड (१६-१७), पान (१८-१९), फूल (२०-२१). प्रत्येक जोडीला दोन तासिका. पहिली तासिका उजव्या पानाची. ५ मिनिटं मागच्या डाव्या पानांपैकी दोन-तीन मोठ्याने वाचायची, १५ मिनिटं निरीक्षण किंवा प्रयोग, १२ मिनिटं नोंद, ३ मिनिटं आवराआवर. दुसरी तासिका डाव्या पानाची. ५ मिनिटं वही न उघडता काल काय पाहिलं ते आठवायचं, १५ मिनिटं शांतपणे स्वतःचं पान, १० मिनिटं शेजाऱ्याला वाचून दाखवायचं, ५ मिनिटं दुरुस्ती.

इथेच बहुतेक वर्ग घसरतात. उजवं पान लांबतं, घंटा होते आणि 'डावं पान घरून करून आणा' असं सांगितलं जातं. घरून आलेलं डावं पान बहुधा मोठ्या भावंडाचं, गाईडचं नाहीतर इंटरनेटवरच्या चित्राचं असतं. वेळ कमी पडत असेल तर उजव्या पानाला कात्री लावावी. तिथली माहिती पुस्तकात आहेच. डाव्या पानावर जे यायचं ते दुसरीकडे कुठेच नाही.

मुळाच्या जोडीसाठी पाठ सुरू होण्याआधी पाच दिवस तयारी लागते. पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा असा ठेवायचा की त्याचा तळ पाण्याला जेमतेम टेकेल. दुसरीकडे ओल्या कापसावर हरभरे. हरभऱ्याचं आदिमूळ (बीमधून पहिल्यांदा फुटणारं मूळ) दोन-तीन दिवसांत दिसतं, कांद्याला मुळं फुटायला थोडा जास्त वेळ जातो. कांदा अर्धा बुडाला तर तो कुजतो, वास येतो आणि मुलं 'पाण्यात मुळं येत नाहीत' असं लिहून मोकळी होतात. पाणी रोज बदलावं. दोन बाटल्या जास्तीच्या ठेवाव्यात. उजव्या पानावर तारीखवार लांबी येते : पट्टीने मोजलेली, मिलिमीटरमध्ये, मुळं किती आणि कुठून फुटली यासह. हरभऱ्याचं सोटमूळ (एकच जाड मुख्य मूळ) आणि कांद्याची तंतुमय मुळं (धाग्यांसारख्या मुळांचा झुबका) हे शब्द निरीक्षणानंतर सांगावेत. आधी सांगितले की मुलं समोरचं मूळ न बघता पुस्तकातली आकृती काढतात.

डाव्या पानावर, पान १४ वर, एकच प्रश्न : बटाटा आणि रताळं, दोन्ही जमिनीखालीच वाढतात, यातलं मूळ कोणतं, कशावरून? बरोबर उत्तर त्या दिवशी सांगायचं नाही. पानाचा खालचा तिसरा भाग मोकळा ठेवायला सांगायचा.

प्रश्न चांगला की वाईट हे ओळखायची एक कसोटी आहे. उजवं पान झाकून तो सोडवता येतो का, आणि उजव्या पानावरचं जसंच्या तसं उतरवून तो सुटतो का? पहिल्याचं उत्तर 'हो, पण डोकं लावावं लागतं' आणि दुसऱ्याचं 'नाही' असायला हवं. 'मुळाची कार्ये लिहा' हा प्रश्न दुसऱ्या कसोटीवर पडतो. 'मुळाचं सुंदर चित्र काढा' हाही पडतो, रंगीत असला तरी.

पानावरून मूळ ओळखणं

या पाठातली सर्वांत कसदार जोडी १८-१९ आहे. उजव्या पानावर पाच पानांचे ठसे : जास्वंद, तुळस, दूर्वा, ऊस किंवा मका, आणि वड. पान पालथं ठेवून, वर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की शिरा उमटतात. पान सुलटं ठेवलं तर शिरा पुसट येतात. त्या मागच्या बाजूला जास्त उठावदार असतात. ठसा थेट वहीत न घेता वेगळ्या पातळ कागदावर घ्यावा, मग चिकटवावा. जाळीदार शिराविन्यास (शिरांची मांडणी), द्विदल वनस्पती आणि सोटमूळ एकीकडे, समांतर शिराविन्यास, एकदल वनस्पती आणि तंतुमय मूळ दुसरीकडे, ही सांगड उजव्या पानावर तीन ओळींत येते.

डाव्या पानाचं काम : शाळेच्या वाटेवर दिसलेली एक वनस्पती निवडा, ती उपटू नका, तिचं पान बघून मूळ कसं असेल ते लिहा आणि कारण द्या. दुसऱ्या दिवशी गटागटाने, परवानगी असलेल्या जागेतलं एकेक तण ओल्या मातीतून सावकाश काढून अंदाज ताडायचा. टाकळा आणि लव्हाळा यासाठी उत्तम. गाजर गवताला हात लावू द्यायचा नाही, त्याची अनेकांना ॲलर्जी येते. कोरड्या, घट्ट मातीत रोप उपटलं तर सोटमूळ मध्येच तुटतं, बाजूचे धागे तेवढे हाती येतात, आणि टाकळ्याच्या नावापुढे 'तंतुमय' अशी नोंद पडते. आधी तांब्याभर पाणी ओतावं, दहा मिनिटं थांबावं.

दोन गोंधळ इथे हमखास होतात. केळीच्या पानात शिरा मधल्या जाड शिरेपासून कडेकडे जातात, त्यामुळे मुलं त्याला समांतर म्हणायला तयार नसतात. त्या शिरा एकमेकींना समांतर आहेत, पानाच्या लांबीला नाहीत, हे ठशावर पट्टी ठेवून दाखवावं लागतं. दुसरा गोंधळ अळूचा. कोणीतरी अळूचं पान आणतंच, त्याच्या शिरा जाळीसारख्या दिसतात, मूल सांगडीप्रमाणे सोटमूळ असेल असं लिहितं, आणि अळू तर एकदल, त्याची मुळं तंतुमय. असा अंदाज चुकला की शिक्षकांनी तो खोडू नये. नियम कुठे वाकतो हे त्या मुलाने स्वतः शोधलेलं आहे. 'अळूचं काय झालं?' एवढंच डाव्या पानावर लिहावं आणि त्याला उत्तर लिहायला जागा ठेवावी. या वहीतला संवाद म्हणतात तो हाच.

बोलीभाषेचाही प्रश्न याच पानावर येतो. घरी अहिराणी, पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला त्या वनस्पतीचं पुस्तकी नाव ठाऊक नसतं, घरचं नाव पक्कं ठाऊक असतं. डाव्या पानावर घरचं नाव चालतं. संज्ञा प्रमाण मराठीत हव्यात, त्या उजव्या पानावर आहेतच.

फूल आणि घडीचा सापळा

फुलासाठी जास्वंद घ्यावी, पण पाच पाकळ्यांची साधी. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, मोजणी बसत नाही. साध्या जास्वंदीतही एक खाच आहे : निदलपुंजाच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या) खाली हिरव्या अरुंद पात्यांचं आणखी एक कडं असतं, आणि मुलं ते धरून दहा-बारा निदलं लिहितात. ती पाती आधी काढून बाजूला ठेवायला सांगावं. मग एकत्र जुळलेली पाच निदलं, पाच पाकळ्या, नळीसारखा जुळलेला पुमंग (पुंकेसरांचा समूह) आणि त्यातून वर आलेली पाच टोकांची कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक) नीट दिसते. अंडाशयाचा उभा छेद शिक्षकांनी ब्लेडने घ्यावा. धोतऱ्याचं फूल मोठं आणि आकर्षक असतं, पण झाड विषारी आहे. ते वर्गात आणू नये. ताज्या पाकळ्या वहीत चिकटवू नयेत. जास्वंदीत चिकट द्रव भरपूर असतो, पावसाळ्यात दोन दिवसांत पानाला बुरशी धरते. वर्तमानपत्रात दाबून चार-पाच दिवस वाळवलेली पाकळी चालते.

उजव्या पानावर इथे घडी वापरता येते. अर्धा कागद लांबीला दुमडला की २१ बाय ७.४ सेंटिमीटरची पट्टी होते. वरच्या थराला तीन काप देऊन चार दारं करायची, प्रत्येक साधारण सव्वापाच सेंटिमीटरचं. दारावर नाव (निदलपुंज, दलपुंज म्हणजे पाकळ्या, पुमंग, जायांग म्हणजे स्त्रीकेसर), आत संख्या आणि कार्य. चिकटवायचा तो मागचा थर. मुलं हटकून दोन्ही थर कापतात आणि हाती चार सुट्या पट्ट्या येतात, म्हणून घडीच्या कडेला पेन्सिलीने 'थांबा' अशी रेघ आधी मारून घ्यावी. दहा कात्र्या असतील तर चौघांत एक. कचऱ्यासाठी प्रत्येक गटाला एक रिकामा खोका.

घडी दिसते सुरेख आणि वेळ खाते फार. चाळीस मुलांत अर्ध्याहून जास्त तासिका कापण्या-चिकटवण्यात जाते. म्हणून पाठाला एकच. यापेक्षा मोठी चूक म्हणजे ती डाव्या पानावर चिकटवणं. दारामागे लिहिलेली माहिती पुस्तकातलीच आहे. दार उघडतं-मिटतं म्हणून तिच्यात मुलाचा विचार शिरत नाही. तयार छापून घेतलेल्या घड्यांनी भरलेली वही पाहुण्यांना दाखवायला छान असते, आणि चाळीसही वह्या सारख्या असतात. डावी पानं सारखी दिसू लागली की पद्धत बंद पडली असं समजावं.

फुलाचं डावं पान : पाकळ्या गळून पडलेल्या फुलाला फळ धरेल का? अंडाशय किड्याने खाल्लेल्या फुलाला? दोन्हींचं कारण द्या.

तपासणी, जी सगळ्यांत आधी कोसळते

चाळीस वह्या रोज तपासणं अशक्य आहे आणि महिन्यातून एकदा तपासणं निरर्थक. रोज आठ वह्या घ्याव्यात, पाच दिवसांत चाळीस. एका वहीला तीन मिनिटं, म्हणजे दिवसाला चोवीस. शेवटचं डावं पान तेवढं वाचायचं. उजव्या पानाची शेजाऱ्याकडून ताडणी पुरते.

खूण-टिक आणि 'छान' यांनी मुलाला काहीच कळत नाही. एक प्रश्न लिहावा, मुलाने वेगळ्या रंगाने उत्तर द्यावं. गुण ० ते ३ : कोरं पान ०, उजव्या पानाचीच नक्कल, भले चित्राच्या रूपात, १, स्वतःचं उदाहरण किंवा कारण २, कारण आणि त्यासोबत आधीच्या पाठाशी जोड किंवा स्वतःला पडलेला प्रश्न ३. अक्षर, रंग, नीटनेटकेपणा यांना गुण नाहीत. हे पालकांना आणि मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगावं लागतं, नाहीतर पंधराशे स्केच पेनच्या रेघा आणि एक ओळ विचार अशी पानं येतात.

सातवीला प्रत्येक सत्रात आकारिक (वर्षभर चालणाऱ्या कामाचे) ४० आणि संकलित (सत्राअखेरच्या चाचणीचे) ६० गुण असतात. आकारिकमधल्या उपक्रम या साधनासाठी १० गुण धरले तर मुलाने स्वतः निवडलेल्या तीन डाव्या पानांचे ९ आणि अद्ययावत अनुक्रमणिकेचा १ असा हिशोब बसतो. पानं मुलाने निवडायची, शिक्षकांनी नव्हे. वही तपासायला येणाऱ्या वरिष्ठांना स्वाध्यायाची प्रश्नोत्तरं हवी असतात. ती राखीव सात जोड्यांत कोंबू नयेत, त्यासाठी पातळ स्वाध्याय वही वेगळी ठेवावी. दप्तराचं वजन वाढू नये म्हणून संवादी वही वर्गातच राहावी.

गैरहजर मुलांसाठी एक वर्गवही लागते. तिची उजवी पानं रोज एक मूल आळीपाळीने भरतं, डावी पानं मुद्दाम कोरी. लावणीच्या दिवसांत चार दिवस न आलेलं मूल त्यावरून उजवं पान उतरवतं, पण डावं स्वतःच करतं. सलग तीन जोड्या हुकल्या असतील तर तिन्ही भरायला लावू नये. एक डावं पान पुरे, कोणतं ते त्याने ठरवावं.

ऑक्टोबरमध्ये, संकलित चाचणीच्या आधीच्या आठवड्यात, सगळ्यांनी पान १४ उघडायचं. वर्गात एक बटाटा आणि एक रताळं आणून ठेवायचं. बटाट्यावरचे डोळे म्हणजे मुकुल (कोंब फुटण्याच्या जागा) आहेत, आणि मुकुल खोडाला असतात, हे १६-१७ या जोडीत येऊन गेलेलं असतं. रताळ्यावर डोळे नसतात, बारीक मुळांचे धागे असतात. जुलैत मोकळ्या ठेवलेल्या खालच्या तिसऱ्या भागात आजची तारीख घालून मूल पुन्हा लिहितं : तेव्हा मी काय म्हटलं होतं, आज काय म्हणतो, मधल्या काळात काय बघितलं.